मैफलींचा साडेतीन टीबी साठा : हार्ड डिस्क कोणती, किती आणि कुठून घ्यावी?

मिरजेतील एका संगीत मंडळाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळाच्या वार्षिक सभांची सुमारे ७०० तासांची कॅसेट आणि स्पूलवरची ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून झाली आहेत. त्यांत अलीकडच्या सभांच्या व्हिडिओंची भर पडून एकूण साडेतीन टीबी साठा तयार झाला असून तो सध्या एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे. सांगलीतल्या दुकानदाराने सीसीटीव्हीसाठी वापरतात ती ८ टीबीची डिस्क सुचवली, एका सभासदाने अडीच हजारांत मिळणारी १६ टीबीची डिस्क ऑनलाइन शोधून काढली, तर दुसऱ्याने एसएसडीचा, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा, आग्रह धरला. यांपैकी काय घ्यावे, ते किती वर्षे टिकेल आणि खात्रीचा माल कुठे मिळेल?

खरेदीचा विचार दोन दिवस बाजूला ठेवून आधी एक काम उरकावे. सारा साठा एकाच डिस्कवर असणे म्हणजे तो कॅसेटच्या नाजूक फितीवरून दुसऱ्या तितक्याच नाजूक वस्तूवर आला आहे, इतकेच. सभासदांपैकी कोणाकडे एखादी रिकामी डिस्क पडून असेल, किंवा दोन जुन्या डिस्क मिळून पुरेशी जागा होत असेल, तर नवी डिस्क हाती येईपर्यंत त्यांवर दुसरी प्रत करून ठेवावी. सांगलीत बावीस वर्षे डिस्कचे दुकान चालवताना माझ्याकडे ज्या बंद पडलेल्या डिस्क आल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांनी नवी डिस्क घ्यायचे ठरवलेले होते; फक्त कोणती घ्यावी हे ठरत नव्हते.

म्हणूनच माझे मत आधी सांगून टाकतो. मंडळाने एक भारी डिस्क घेण्याऐवजी साध्या तीन डिस्क घ्याव्यात, आणि त्या तीन वेगळ्या छपरांखाली ठेवाव्यात. कोणतीही डिस्क, कोणत्याही कंपनीची, कधीही बंद पडू शकते हे गृहीत धरले की निवडीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक बाहेरगावी, हा पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आता साठवणुकीच्या कामात सर्वत्र मानला जातो, आणि तो मंडळासारख्या लहान संस्थेच्या आवाक्यातला आहे.

आता किती मोठी डिस्क लागेल ते पाहू. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने स्टिरिओ ध्वनी उतरवला तर तासाला सुमारे २.०७ जीबी जागा लागते, म्हणजे ७०० तासांना जवळपास दीड टीबी. बाकीची जागा व्हिडिओंनी घेतली आहे आणि पुढची वाढही त्यांचीच होणार आहे. साडेतीन टीबीला ४ टीबीची डिस्क पुरेल असे वरकरणी वाटते, पण डिस्क बनवणारी कंपनी १ टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट, असा सरळ दशमान हिशेब धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ४ टीबीची डिस्क संगणकावर ३.६३ टीबीच दिसते. आपला आकडा विंडोजमध्ये पाहिलेला असेल तर ती डिस्क पहिल्याच दिवशी काठोकाठ भरेल. डिस्क नेहमी थोडी रिकामी असावी आणि चार-पाच वर्षांच्या सभा तिच्यात मावाव्यात, या हिशेबाने दोन डिस्क ८ टीबीच्या घ्याव्यात. तिसरी ५ टीबीची पोर्टेबल चालेल.

८ टीबीची डिस्क म्हणजे साडेतीन इंची, जी यूएसबीच्या विजेवर चालत नाही. तिला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. ती अ‍ॅडॅप्टरसह तयार डब्यात मिळते, किंवा सुटी डिस्क घेऊन डॉकमध्ये, म्हणजे डिस्क खोचून संगणकाला जोडायच्या खाचेत, लावता येते. मी सुटी डिस्क आणि चांगला डॉक घ्यायला सांगतो. तयार डबा घेतला तर आत कोणती डिस्क आहे हे विकत घेईपर्यंत कळत नाही, आणि डब्यातली सर्किट बिघडली तर चांगली डिस्कही अडकून पडते. काही अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये तर यूएसबीचे टोक थेट डिस्कच्याच सर्किटवर जोडलेले असते, त्यामुळे ते टोक सैल झाले की साध्या केबलने डेटा काढण्याचा मार्गच बंद होतो. टोक हिसकून सैल झालेल्या अशा डिस्क माझ्याकडे आपोआप बिघडलेल्या डिस्कांइतक्याच येतात.

दुकानात गेल्यावर एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल तर तो हा विचारावा : डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? चकतीवर डेटा वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिला जातो. सीएमआर प्रकारात प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपासून सुटी असते. एसएमआरमध्ये कमी जागेत जास्त मावावे म्हणून पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, अगदी मंगळुरी कौलांसारख्या. घराच्या मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली कौलेही हलवावी लागतात. तसेच एसएमआर डिस्कवर जुन्या फाइलच्या जागी नवे लिहायचे तर त्या पट्ट्यातला पुढचा मजकूरही वाचून पुन्हा लिहावा लागतो. एकदाच भरून ठेवायच्या प्रतीला याचा त्रास होत नाही. मात्र भरत आलेल्या डिस्कवर फाइल खोडून नव्या लिहू लागलो की वेग अचानक कोसळतो, आणि अनेक डिस्क एकत्र बांधून नेटवर्कवरून वापरू देणाऱ्या एनएएस यंत्रात तर अशी डिस्क मुळीच लावू नये. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असूनही तसे सांगितले गेले नव्हते, हे उघडकीला आले. त्यानंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना रेड प्लस हे वेगळे नाव दिले. आज रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० या तिन्ही मालिका सीएमआर आहेत. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त मोठ्या डिस्क आणि मोठ्या क्षमतेच्या पोर्टेबल डिस्क बहुधा एसएमआर असतात. म्हणून मंडळाच्या दोन मुख्य प्रती सीएमआरवर असाव्यात, आणि बाहेरगावी ठेवायची, वर्षातून एकदाच हात लागणारी तिसरी प्रत पोर्टेबल असली तरी बिघडत नाही.

आपल्या दुकानदाराने सीसीटीव्हीची डिस्क सुचवली म्हणून त्याला हसू नये. आपल्या भागात साडेतीन इंची डिस्कला सर्वांत मोठे गिऱ्हाईक कॅमेऱ्यांचेच आहे; सराफापासून द्राक्षाच्या शीतगृहापर्यंत सर्वत्र कॅमेरे बसले आहेत आणि स्कायहॉक किंवा पर्पल या मालिका त्यामुळेच सांगलीत सहज हाताशी मिळतात. या डिस्क व्हिडिओ अखंड लिहिण्यासाठीच्या खास आज्ञा ओळखतात. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर त्या आज्ञा वापरतो तेव्हा एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, नीट हाताळता आला नाही तर डिस्क फार खटपट न करता पुढे सरकते, कारण एखादी फ्रेम गेली तरी चित्रीकरण थांबता कामा नये. साधा संगणक या आज्ञा वापरतच नाही, त्यामुळे त्याला जोडल्यावर ही डिस्क इतर डिस्कसारखीच वागते. एनएएससाठीची डिस्क मिळत असेल तर ती घ्यावी. आठ-दहा दिवस थांबावे लागणार असेल आणि समोर बिलासह, सीएमआर असल्याची खात्री असलेली कॅमेऱ्याची डिस्क असेल, तर मी थांबणार नाही.

अडीच हजारांतली १६ टीबीची डिस्क मात्र डिस्कच नव्हे. अशा डब्यात बहुधा एखादे लहान मेमरी कार्ड असते आणि त्याच्या कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. संगणकावर १६ टीबी दिसतात, फाइल चढल्यासारख्याही वाटतात, पण खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो, आणि हे महिन्यांनी, फाइल उघडायला गेल्यावर कळते. कोणाकडे अशी वस्तू आलीच असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन सगळी जागा लिहून परत वाचून पाहते, आणि तिचे पितळ उघडे पाडते.

खऱ्या एसएसडीबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. ती वेगवान असते, पडली तरी सहसा काही होत नाही, आणि ज्या संगणकावर आपण ध्वनी स्वच्छ करता त्यात ती असलीच पाहिजे. पण कपाटात ठेवून द्यायच्या प्रतीसाठी ती योग्य नाही. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू गळतो. लेखनमर्यादा पूर्ण संपलेल्या घरगुती एसएसडीने बंद अवस्थेत ३० अंश तापमानाला १ वर्ष डेटा टिकवावा, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे; नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते हे खरे, पण उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या आपल्या भागात पत्र्याखालच्या कपाटावर मी विसंबणार नाही. शिवाय त्याच पैशांत हार्ड डिस्कच्या दोन-तीन प्रती होतात.

डिस्क किती वर्षे टिकेल, याचे एका डिस्कपुरते उत्तर कोणीच देऊ शकत नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन साठवणूक कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्क किती बंद पडतात याचे आकडे जाहीर करते, आणि तिच्याकडच्या लाखो डिस्कमध्ये वर्षाला साधारण १ ते २ टक्के बंद पडताना दिसतात. त्या आकड्यांत कंपन्यांपेक्षा मॉडेलमॉडेलमधला फरक ठळक आहे, आणि हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्याही आता सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच उरल्या आहेत. म्हणून अमुक कंपनी चांगली आणि अमुक वाईट, या वादात मी पडत नाही. तीन डिस्क घेताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, म्हणजे एकाच खेपेतला दोष सगळ्या प्रतींना एकदम भोवणार नाही. पाच वर्षे झाली की डिस्क चांगली चालत असली तरी मुख्य प्रतीचे काम नव्या डिस्ककडे द्यावे आणि जुनी जादा प्रत म्हणून ठेवावी. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते, पण ती डिस्कची असते. बदली डिस्क कोरी मिळते.

धोक्याची सूचना आधी मिळेल या भरवशावरही राहू नये. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टरचा आकडा शून्याहून वर गेला आणि वाढत राहिला, तर त्या डिस्कवर नवे काही न लिहिता प्रत दुसरीकडे हलवावी. सीआरसी त्रुटी, म्हणजे डिस्क आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका, वाढत असतील तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो, डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहावी. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. स्मार्टमध्ये सगळे हिरवे दिसते म्हणून दुसरी प्रत लांबणीवर टाकणाऱ्यांना मी हाच आकडा सांगतो.

आता माल कुठे मिळेल ते. आयर्नवुल्फ किंवा रेड प्लस सांगलीच्या दुकानांत नेहमी शिल्लक नसते, पण दुकानदार ती कोल्हापूरहून किंवा पुण्याहून मागवून देतो. स्वतः पुण्याला जाणे होणार असेल तर तापकीर गल्लीत आणि आसपास पर्याय जास्त मिळतील. ऑनलाइन घेतल्यास थोडे स्वस्त पडते, पण विक्रेता कोण आहे ते पाहावे लागते आणि पॅकिंगचा प्रश्न असतो. नुसत्या पातळ पाकिटात गुंडाळून आलेली साडेतीन इंची डिस्क मी न उघडता परत पाठवतो. शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन गावातल्या माणसाकडून घेण्याकडे माझा कल आहे, कारण वॉरंटीत डिस्क पाठवायची वेळ आली तर कुरिअरचे कागद आणि पाठपुरावा तो करतो. दुकानदार असल्यामुळे हे मत माझ्या सोयीचे आहे, हेही आपण लक्षात घ्यावे.

बिल जीएसटीचे, मंडळाच्या नावाचे आणि त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेला असा आग्रह धरावा. तो नंबर पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी आणि तिची अखेरची तारीख पाहावी. परदेशी बाजारासाठीची किंवा एखाद्या यंत्रासोबत विकलेली डिस्क असेल तर तिथेच कळते. घरी आणल्यावर स्मार्टमधले चालू तास पाहावेत, नव्या डिस्कचे ते शून्याच्या आसपास असतात. अर्थात ही नोंद पुसता येते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्क स्मार्टची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले, आणि ते कळले फार्म या डिस्कच्या आतल्या दुसऱ्या नोंदीवरून, जी पुसणाऱ्यांनी तशीच सोडली होती. सीगेटची डिस्क घेतल्यास जाणकाराकडून दोन्ही नोंदी ताडून घ्याव्यात. भाव उतरण्याची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. २०११ साली थायलंडच्या पुरात वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला तेव्हा जगभर डिस्कचे भाव भडकले होते, आणि त्याच सुमारास दोन मोठ्या कंपन्यांनी अनेक डिस्कच्या वॉरंटीची मुदतही आखडली.

पुराचा विषय निघाला तो बरे झाले, कारण आपल्याकडे प्रती कुठे ठेवायच्या हा प्रश्न त्याला सोडून सुटत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ वर गेले की धोका, हे सांगलीकराला पाठ असते. २००५ च्या महापुरानंतर मी दुकानात पाण्याच्या खुणेच्या दोन फूट वर जाड फळी मारून घेतली होती आणि कामाच्या डिस्क व त्यांच्या प्रती तिथेच ठेवत होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्या फळीच्याही वर गेले. मूळ आणि प्रत शेजारी शेजारी भिजल्या. चूक फळीच्या उंचीची नव्हती, दोन्ही एकाच फळीवर ठेवण्याची होती. मिरजेला पुराची झळ सांगलीच्या गावभागाएवढी बसत नसली तरी आग, चोरी आणि वीज यांना नदीकाठ लागत नाही. म्हणून पहिली प्रत मंडळाच्या कार्यालयात, दुसरी सांगलीत एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर, आणि तिसरी विटा, जत किंवा पुण्यात राहणाऱ्या सभासदाकडे असावी. डिस्क भिजलीच तर ती वीज लावून पाहू नये, उन्हात किंवा तांदळात वाळवू नये. आतला गाळ वाळला की चकतीला चिकटतो. ओलसर अवस्थेतच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवावी.

नव्या डिस्कवर साठा चढवण्याआधी ती एकदा पूर्ण लिहून आणि पूर्ण वाचून पाहावी. ८ टीबीला सेकंदाला सरासरी १८० एमबी वेग धरला तर एका फेरीला बारा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून हे काम यूपीएसवर आणि रात्रभर चालू द्यावे. फॉरमॅट एनटीएफएस ठेवावा. एक्सफॅट मॅकवरही चालतो, पण लिहिता लिहिता वीज गेली तर त्यात फाइलींची यादीच बिघडण्याची शक्यता जास्त असते, आणि महावितरणची वीज विचारून जात नाही. प्रत करताना नुसते कॉपी-पेस्ट न करता टेराकॉपीसारख्या साधनाने पडताळणीसह करावी आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) एका यादीत उतरवून ती यादी तिन्ही डिस्कवर ठेवावी. पुढे दर वर्षी त्या यादीशी ताळा करून पाहिला की एखादी फाइल गुपचूप बिघडली असेल तर कळते, आणि ती दुसऱ्या प्रतीवरून आणता येते. प्रत घेऊन झाली की डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा ज्यांची बॅकअप डिस्क कायम जोडलेली होती त्यांच्या मूळ फाइलींसोबत प्रतीही कुलूपबंद होण्याचा धोका होता.

सगळा साठा क्लाउडवर ठेवावा का, असे आपले सभासद विचारतीलच. सेकंदाला ४० मेगाबिट अपलोड वेग अखंड मिळाला तरी साडेतीन टीबी चढवायला आठ दिवस लागतात, आणि भाडे दर महिन्याला भरावे लागते. ते एका वर्षी भरायचे राहिले तर काय होईल, हा संस्थेच्या बाबतीत खरा प्रश्न आहे. दुर्मीळ अशा पन्नास-साठ मैफली निवडून तेवढ्याच चढवाव्यात. दोन डिस्कचे एनएएस घेऊन रेड (RAID) करण्याची, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तोच मजकूर लिहिण्याची, गरज मला दिसत नाही. रेडमुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, पण चुकून खोडलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. मूळ कॅसेट आणि स्पूल मात्र टाकून देऊ नयेत, त्यांवरून पुन्हा उतरवण्याची वेळ येऊ शकते.

शेवटची गोष्ट कागदाची. कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलते, आणि डिस्क कोणाच्या घरी आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते. मंडळाच्या दप्तरात एक वही असावी. तिच्यात प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, खरेदीची तारीख, ती कोणाकडे आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली एवढे लिहावे, आणि डिस्कला पासवर्ड लावलाच तर तो त्या वहीत न लिहिता बंद पाकिटात अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांकडे ठेवावा. तपासणीसाठी वार्षिक सभेच्या आधीचा आठवडा ठरवून घ्यावा, कारण तेव्हा बाहेरगावचे सभासद मिरजेला येतातच आणि येताना तिसरी डिस्क पिशवीतून आणू शकतात. मात्र ती बसच्या डिकीत न टाकता मांडीवर घेऊन यावी.